अतिहलक्या विमानाचे दोन धावांचे एंजिन आणि ऋतूंची हवा

भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगर हे गाव तेथील आयुधनिर्माणीमुळे परिचित आहे. तोफेचा गोळा नळीबाहेर फेकणारी दारू ज्वलनास लागणारा ऑक्सिजन स्वतःच्या घटकांतच बाळगून असते. पेट्रोलच्या एंजिनाची स्थिती याच्या उलट होय. त्याला प्रत्येक श्वास भोवतालच्या हवेतून घ्यावा लागतो. अतिहलक्या विमानासाठी दोन धावांचे एंजिन निवडताना आणि सांभाळताना हा भेद सतत ध्यानात ठेवावा लागतो.

‘स्ट्रोक’ म्हणजे दट्ट्याची सिलिंडरातील एक धाव. शोषण, दाब, ज्वलन आणि उत्सर्ग ही चार कार्ये चार धावांच्या एंजिनात दोन फेऱ्यांत होतात. दोन धावांच्या एंजिनात ती एकाच फेऱ्यात उरकतात. चार धावांच्या एंजिनातील वर-खाली होणाऱ्या झडपा येथे नसतात. सिलिंडराच्या भिंतीतील छिद्रे दट्ट्याच उघडतो व मिटतो. वंगणही पेट्रोलबरोबरच आत जाते. जुनी लूना किंवा चेतक चालविलेल्यांस पेट्रोलमध्ये तेल मिसळण्याची ही रीत ठाऊक आहे.

सुटे भाग कमी म्हणून वजन कमी, हा या एंजिनाचा मोठा गुण. बंगळूरच्या राजहंस कंपनीच्या ‘एक्स-एअर’ विमानांत बसविले गेलेले रोटॅक्स ५८२ हे दोन सिलिंडरांचे, पाण्याने थंड होणारे एंजिन सुमारे ६५ अश्वशक्ती देते. तथापि ३०० तासांनंतर त्याची संपूर्ण दुरुस्ती करावी लागते. चार धावांचे ८० अश्वशक्तीचे रोटॅक्स ९१२ जड व महाग असले, तरी त्याचा हा अवधी कितीतरी पट मोठा आहे. वर्षाकाठी थोडेच तास उडणाऱ्यास पहिले परवडते. रोज शिकाऊ वैमानिक नेणाऱ्या संस्थेस दुसरेच योग्य होय.

आता हवेचा हिशेब पाहू. उदाहरणादाखल जवाहरनगरचे हवामान घेऊ. मे महिन्यात दुपारी तेथे तापमान ४५ अंशांपर्यंत चढते. डिसेंबरच्या पहाटे ते १० अंशांच्या आसपास उतरते. दाब तोच धरला, तर पहाटेची हवा त्या दुपारच्या हवेहून सुमारे १२ टक्के घन असते. कार्ब्युरेटरमधून जाणारे पेट्रोल मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून मे महिन्यात बेताचे असलेले मिश्रण डिसेंबरात विरळ होते. विरळ मिश्रणाने दट्ट्याचा माथा अतिशय तापतो, दट्ट्या फुगतो आणि सिलिंडरात अडकून बसतो. यास्तव उत्पादकाच्या तक्त्याप्रमाणे तापमान व उंची पाहून पेट्रोलचे जेट बदलावे लागते. उन्हाळ्यात हवा विरळ असल्याने शक्तीही घटते. त्या दिवसांत उड्डाणास अधिक लांब धावपट्टी लागते.

थंडीत आणखी एक धोका संभवतो. ॲल्युमिनियमचा दट्ट्या सिलिंडराच्या आधी तापून प्रसरण पावतो. म्हणून एंजिन पुरेसे तापल्याखेरीज पूर्ण जोर देऊ नये. उतरताना थ्रॉटल दीर्घकाळ बंद ठेवल्यास पेट्रोलबरोबर वंगणही आटते, याचाही विसर पडू नये.

तेलाचे प्रमाण ५० भागांस १ असल्यास १० लिटर पेट्रोलात २०० मिलिलिटर तेल पडते. हे माप अंदाजाने घेऊ नये. ठिणगीचा प्लग काढून पाहावा. तपकिरी रंग समाधानकारक. पांढुरका रंग विरळ मिश्रणाचा इशारा देतो, काळा व तेलकट रंग दाट मिश्रणाचा. उत्सर्गवायूचे तापमान दाखविणारा मापक हा इशारा उड्डाणातच देतो. २०२५ पर्यंत देशातील पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल आले आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. शिवाय त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने मिश्रण अधिक विरळ होते. उत्पादकाने किती इथेनॉल मान्य केले आहे, हे आधी पाहिलेच पाहिजे.

रस्त्यावर लूना बंद पडली, तर ती कडेला ढकलता येते. विमानाला अशी कड नसते. भंडाऱ्याच्या धानाच्या बांध्यांत उतरावयाचे, तर दर थोड्या अंतरावर बांध आडवा येतो. म्हणून एंजिन कोणत्याही क्षणी थांबेल असे धरून वैमानिकाने उतरण्याजोगी जागा सतत नजरेत ठेवावी, आणि तसा प्रसंग येऊ नये म्हणून प्रत्येक ऋतूच्या आरंभी जेट, प्लग व इंधन यांची तपासणी करावी.