भास्कराचार्य विजापूरचे की पाटणचे?

गणिती भास्कराचार्यांवर कर्नाटक हक्क सांगतं तो विजापूरच्या नावाने, आणि खानदेश चाळीसगावजवळच्या पाटणच्या. भांडणाला जागा खुद्द आचार्यांनीच ठेवली. 'सिद्धान्तशिरोमणी'त त्यांनी जन्मसाल स्वच्छ दिलं, शके १०३६ म्हणजे इ. स. १११४, गाव मात्र विज्जडविड, सह्याद्रीच्या आश्रयाचं, एवढंच सांगितलं. नाव जुळतं म्हणून कोणी विजापूर गाठतं, कोणी बीड. पण विजापूर उघड्या माळावरचं, सह्याद्रीपासून बरंच लांब. पाटण डोंगराच्या कुशीत आहे, आणि त्याच्याकडे शिलालेख आहे.

भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणलेला हा लेख १२०७च्या सुमाराचा. आचार्यांचा नातू चांगदेव यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्याने पाटणला मठ काढला, त्याला निकुंभ राजा सोइदेवाने दान दिलं. लेख संस्कृतात आहे, पण बाजारातले हक्क नोंदवायची वेळ आली तशी भाषा मराठी होते: दर घाण्यामागे पळीभर तेल मठाला. (ग्रहगणिताचा खर्च तेलघाण्यांवर टाकणं अगदी खानदेशी व्यवहाराला धरून झालं!) यावर रास्त आक्षेप असा, की हा पुरावा नातवाचा, आजोबांचा नव्हे; घराणं मागाहून इथे आलं असेल. पण आचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला राजा जैत्रपालाने याच गावातून नेलं, असं लेख सांगतो. आचार्यांच्या भावाच्या वंशातल्या अनंतदेवाचा १२२२चा लेख चाळीसगाव तालुक्यातच, बहाळला आहे. म्हणजे घराणं इथलं. विज्जडविड हे नाव मात्र पाटणच्या लेखात नाही, त्यामुळे जन्मस्थळ पाटणच, असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

राज्यांचा दावा याहून पोकळ. १११४ साली खानदेश आणि विजापूर, दोन्हींवर अधिसत्ता कल्याणीच्या चालुक्यांची. ती कल्याणी आज बीदर जिल्ह्यात. आचार्यांनी लिहिलं संस्कृतात. कोपर्निकसचंही असंच झालं: १४७३ साली तोरुन्यात, पोलंडच्या राजाच्या अमलाखाली, जर्मन भाषक घरात जन्मला, ग्रंथ लॅटिनमध्ये लिहिला, पुढे पोल आणि जर्मन त्याच्यावरून भांडत बसले. मग पाटणने तरी अभिमान का धरावा, असं कोणी विचारेल. पण गावाचा दावा आणि राज्याचा दावा एका मापाने मोजता येत नाहीत. पाटणला भास्कराचार्यांची गणितपरंपरा चालवणारा मठ होता, आणि गावच्या घाण्यांनी तो पोसला. उद्या विज्जडविड विजापूरच्या वेशीवर सापडलं, तरी त्या लेखातलं एक अक्षरही खोटं ठरणार नाही.