जुनी मोटार : हौस आणि ठेव

मराठी गृहस्थाच्या घरात सोने ही एक अशी वस्तू असते की, तिच्याकडून हौस आणि ठेव ही दोन्ही कामे एकदम करून घेतली जातात. सणावारी पाटल्या हातात चढतात आणि अडचणीच्या दिवशी त्याच पाटल्या सराफाच्या तराजूत जातात. अंगावर घातल्याने त्यांचे मोल फारसे घटत नाही, आणि पेटीत ठेवल्याने त्यांना खर्चही फारसा लागत नाही. जुन्या मोटारींविषयी अलीकडे जे बोलले जाते ते ऐकले म्हणजे मोटारही याच जातीची वस्तू आहे, अशी पुष्कळांची समजूत झालेली दिसते. वडिलांची फियाट किंवा आजोबांची जीप आज ना उद्या मोठ्या किमतीस जाईल, तेव्हा ती ठेवणे म्हणजे सोने ठेवण्यासारखेच, असे सातारा-सांगलीकडील घरांतूनही ऐकू येते. ही समजूत कितपत खरी आहे याचा विचार करणे अवश्य आहे. कारण तिच्यापायी घरातील शिल्लक अडकून पडते आणि पुष्कळदा गाडीही उभ्या जागी कुजते.

जुन्या गाडीस किंमत येते ती मुख्यत: तीन कारणांनी : दुर्मिळता, अस्सलपणा आणि स्मृती. मर्सिडीज कंपनीने 1955 साली बनविलेल्या एका बंद टपाच्या शर्यती गाडीचे जगात दोनच नमुने होते. त्यांपैकी एक मे 2022 मध्ये 13 कोटी 50 लाख युरोंना विकला गेला. फेरारी कंपनीच्या 250 जीटीओ या गाड्या 1962 ते 1964 या काळात अवघ्या 36 तयार झाल्या. त्यांतील एकीस 2018 साली अमेरिकेतील लिलावात 4 कोटी 84 लाख डॉलर मिळाले. असे आकडे वृत्तपत्रात वाचले की आपल्या पडवीतील गाडीकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. परंतु ज्या वस्तूचे दोन किंवा छत्तीस नमुने आहेत, तिचा न्याय हजारोंनी निघालेल्या वस्तूस लावता येत नाही.

सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयास ज्यांचे नाव आहे, त्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट, जी पुढे पद्मिनी या नावाने ओळखली गेली, ती कित्येक दशके मध्यमवर्गाची गाडी होती. मुंबईच्या टॅक्सींतून ती 30 ऑक्टोबर 2023 रोजी कायमची निवृत्त झाली, तेव्हा अनेकांना हळहळ वाटली. ही हळहळ हेच तिचे भांडवल होय. दुर्मिळता तिच्यापाशी अद्याप फारशी नाही. आहे ती स्मृती. आणि स्मृतीचे भांडवल पिढीबरोबर सरते. ज्यांनी बालपणी त्या गाडीच्या मागच्या बाकावरून खंबाटकी घाट पाहिला, ते तिच्यासाठी पैसे मोजतील. त्यांच्या नातवंडांना ती ओढ असेलच असे नाही. शिवाय चढलेला भाव उतरतोही. 1980 नंतरच्या दशकाच्या अखेरीस युरोप, अमेरिका व जपान येथे जुन्या मोटारींचे भाव विलक्षण चढले आणि 1990 नंतर ते कोसळले. ज्यांनी शिखरावर खरेदी केली त्यांना आपले पैसे परत दिसण्यास दीर्घ काळ वाट पाहावी लागली.

आता हिशेबाकडे वळू. समजा, एका गृहस्थाने पाच लाख रुपयांना जुनी गाडी घेतली आणि तिच्या टायर, बॅटरी, विमा, रंग व दुरुस्तीवर दरसाल चाळीस हजार रुपये खर्च केले. हीच मुद्दल व हाच वार्षिक खर्च त्याने सात टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवला असता, तर दहा वर्षांनी त्याच्या हाती सुमारे 15 लाख 36 हजार रुपये आले असते. म्हणजे गाडीची किंमत दुपटीने वाढली तरी हा गृहस्थ तोट्यातच आहे. बँकेच्या साध्या ठेवीशी बरोबरी करण्यासाठी ती तिपटीहून अधिक वाढावयास हवी. घरास भाडे येते, समभागास लाभांश मिळतो, ठेवीस व्याज मिळते. मोटारीस यांतील काहीच नाही. ती दरसाल मागते मात्र.

यावर कोणी म्हणेल की, गाडी चालवू नये, झाकून ठेवावी, म्हणजे खर्च वाचेल आणि अस्सलपणाही टिकेल. येथेच खरी अडचण आहे. उभ्या गाडीतील पेट्रोल उडून जाते आणि कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट साका धरतो. अलीकडच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलात पाणी शोषून घेण्याचा गुण असल्यामुळे जुन्या टाकीस व रबरास अधिकच बाधा पोहोचते. ब्रेकचे तेल हवेतील ओल खेचते, बॅटरीच्या पत्र्यांवर खार जमतो, टायर एकाच जागी दबून बसतात. महाबळेश्वर किंवा पाटणच्या बाजूस पावसाळ्याचे चार महिने पत्र्यास गंज चढवितात. माण, आटपाडी किंवा जत येथील कोरड्या हवेत पत्रा टिकतो, पण उन्हाने रबर तडकते. सांगलीस तर कृष्णेचे भय निराळेच. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेले होते. अशा वेळी नित्य चालणारी गाडी किल्ली फिरवून उंचावर नेता येते. तीन वर्षे न हललेली गाडी जागीच बुडते. तात्पर्य, चालविणे हीच या यंत्राची पहिली निगा आहे. आणि केवळ भावावर नजर ठेवणारा मालक नेमके तेच टाळतो.

कायद्यानेही या दोन हेतूंमध्ये भेद केलेला आहे. 2021 साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षे उलटलेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी खाजगी वाहनांची वीस हजार रुपये शुल्कात दहा वर्षांसाठी नोंदणी होते. पुढील नूतनीकरणास पाच हजार रुपये पडतात. मात्र असे वाहन नित्याच्या किंवा धंद्याच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, फेरी, इंधन भरणे व दुरुस्ती अशा कारणांपुरतीच त्यास मोकळीक आहे. लग्नाच्या वरातीस गाडी भाड्याने देऊन तिचा खर्च तिच्याकडूनच काढावा, हा बेत या नोंदणीखाली जमत नाही.

प्राप्तिकराच्या बाबतीतील एक खटला तर या विषयाचा गाभाच उघड करतो. एका नोकरदार गृहस्थाने 1931 सालची फोर्ड गाडी 1983 मध्ये वीस हजार रुपयांना घेतली आणि 1991-92 च्या सुमारास ती एकवीस लाखांना विकली. किंमत शंभरपटीहून अधिक झाली; असे क्वचित घडते हे मान्य केले पाहिजे. मोटार ही स्वत:च्या वापराची वस्तू आहे, म्हणून नफ्यावर कर लागू नये, असे त्यांचे म्हणणे होते. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. गाडी वापरता येण्याजोगी होती एवढ्यावरून ती स्वत:च्या वापरात होती असे ठरत नाही, असा निर्णय तेथे झाला. ती राहत्या घरी ठेवलेली नव्हती. ती चालविल्याचा किंवा तिच्या निगेवर खर्च केल्याचा पुरावा पुढे आला नाही. म्हणून नफा करपात्र ठरला. मालकाच्या मनात काय होते याची साक्ष अखेर गाडीच्या वापराकडेच मागितली गेली.

साताऱ्याच्या लोकांस याचा आणखी एक दाखला घरच्या घरी सापडतो. 1975 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्स या कंपनीच्या साताऱ्यातील कारखान्यात प्रिया ही स्कूटर तयार होई. त्या काळी स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे, आणि हाती आलेली नवी गाडी मूळ किमतीहून अधिक दराने विकता येई. कित्येकांनी तो व्यवहार केलाही. पुढे परवान्यांचे बंधन सैल झाले, उत्पादन वाढले आणि तो वरचा भाव नाहीसा झाला. कारण तो टंचाईचा होता, स्कूटरचा नव्हता. कालांतराने कंपनीने स्कूटर बनविणे थांबविले, आणि बजाज समूहातील कंपन्यांचे समभाग बाळगणे हाच तिचा प्रमुख व्यवसाय झाला. ज्यांनी तिचे समभाग घेऊन ठेवले त्यांना संपत्ती मिळाली. ज्यांनी तिची स्कूटर घेतली त्यांना ती एका अंगास कलती करून किक मारण्याची सवय, यवतेश्वरचा चढ आणि पुढे उभ्या राहिलेल्या मुलाचा आनंद मिळाला. दोघांचाही व्यवहार चोख झाला. कारण पहिल्याने पैशासाठी कागद घेतला आणि दुसऱ्याने फिरण्यासाठी गाडी घेतली.

यावरून घरातील जुन्या गाडीचे काय करावे, हे ठरविणे कठीण नाही. मुलांचे शिक्षण, आजारपण व म्हातारपण यांसाठी लागणारा पैसा तिच्यात घालू नये. तिच्यावरील खर्च गाणे, प्रवास किंवा बागेवरील खर्चाप्रमाणे हौसेच्या खात्यात लिहावा आणि तो परत येईल असे धरू नये. मूळ कागदपत्रे, जुन्या पावत्या व काढून ठेवलेले अस्सल भाग जपावेत. पुढेमागे विकण्याची वेळ आलीच तर त्यांचा उपयोग होतो. ज्याला तिची निगा झेपत नाही त्याने ती झेपणाऱ्याच्या स्वाधीन करावी. त्यात वडिलांच्या स्मृतीचा अवमान नाही. आणि ज्याने ती ठेवली आहे त्याने आठवड्यातून एकदा तरी तिला बाहेर काढून दहा-वीस मैल फिरवून आणावे. त्या फेरीत घरातील एखाद्या मुलास शेजारी बसवून चोक केव्हा ओढावा, गिअर केव्हा बदलावा हे शिकविले, तर ती गाडी पुढच्या पिढीलाही हवीशी वाटण्याचा संभव आहे.