हसनाबादच्या उन्हाळ्यात नव्हे, हिवाळ्यात लेट्यूस

भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादला लेट्यूस येतो का? येतो, पण आपल्या सोयीने नाही, थंडीच्या सोयीने. ऑक्टोबरचा उकाडा ओसरला की बी टाकावे आणि डिसेंबरपर्यंत दर पंधरवड्याला थोडे थोडे टाकत राहावे. माती तीस अंशांच्या वर तापलेली असेल तर बी रुजतच नाही, झोपून राहते. म्हणून बी ट्रेमध्ये टाका आणि ट्रे सावलीत, गार जागी ठेवा. या बियाला उगवताना उजेड लागतो, तेव्हा ते खोल पुरू नका. वर चिमूटभर चाळलेले शेणखत पुरे.

चार-पाच पानांची रोपे संध्याकाळी, वीतभर अंतरावर लावा. मुळे उथळ असल्याने पाणी थोडे पण वारंवार द्यावे, ठिबक उत्तम. गड्डा धरणाऱ्या जातींच्या नादी लागू नये, सुट्या पानांच्या जातीच इथे भरवशाच्या. बाहेरची पाने खुडत गेले की आतून नवी येत राहतात.

फेब्रुवारीअखेर ऊन वाढले की मधून दांडा वर सरकतो. तो मोडला तर पांढरा चीक निघतो, आणि तोवर पानेही कडू झालेली असतात. शेडनेटने हे थोडे लांबते, टळत नाही. दांडा दिसताच सगळे पीक काढून घ्या.