कळ नाही, पण पाणी जातेय

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेची एक जुनी विद्यार्थिनी कल्याणच्या दूधनाक्यावर भेटली. कडेवर तीन महिन्यांचे बाळ, पण दिसायला महिन्याभराचे. "आपा, हा बत्तीसाव्या आठवड्यातच आला," असे म्हणून तिने भाजीच्या गाडीशेजारी उभ्या उभ्याच सगळे सांगितले.

लग्नानंतर ती मुंब्र्याला, कौसा भागात गेली. आठव्या महिन्यात एका गुरुवारी फजरला उठली तर सलवार ओली. कळ नाही, रक्त नाही. लघवी सुटली असेल म्हणून तिने कपडे बदलले. दिवसभर थोडे थोडे पाणी येतच राहिले. नवरा कतारला, घरात सासरे आणि दीर. बोलणार कुणाशी? शुक्रवारी सासूबाईंना म्हणाली, "अम्मी, सफेद पानी जा रहा है." "होता है," म्हणून विषय संपला. शनिवारी थंडी वाजून ताप भरला, तेव्हा कुठे रिक्षा बोलावली.

बाळाभोवती पाण्याची पिशवी असते, तिला आपल्याकडे पाणमोट म्हणतात. ती सहसा कळा सुरू झाल्यावर फुटते. पण दिवस भरलेल्या शंभर बायकांत साधारण आठ-दहा जणींची कळांआधीच फुटते, आणि शंभरात दोन-तीन जणींची ३७ आठवडे भरण्यापूर्वी. दर वेळी धो धो पाणी येतेच असे नाही. वर बारीक चीर गेली तर नुसते झिरपते, आणि फसगत होते ती इथेच. लघवी रोखता येते, हे पाणी रोखता येत नाही. त्याला लघवीचा वास नसतो. स्वच्छ पॅड लावावे. तासाभरात ते पुन्हा ओले झाले तर दवाखाना गाठावा. पाणी हिरवट किंवा तांबूस असेल, वास येत असेल, ताप असेल किंवा बाळाची हालचाल मंदावली असेल, तर तासभरही थांबू नये. नाळ खाली सरकल्यासारखी वाटली तर आडवे पडून कंबर उंच ठेवावी आणि ताबडतोब १०८ ला फोन लावावा.

पिशवी फुटली की जंतूंना आत जायला वाट मिळते. म्हणून घरी दाईला बोटे घालून तपासू देऊ नये. डॉक्टरसुद्धा अशा वेळी हाताची तपासणी होईल तितकी टाळतात.

आता त्या दोन दिवसांचा हिशेब. चौतिसाव्या आठवड्याआधी बाळ येण्याची शक्यता दिसली, तर आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शने देतात. बाळाची फुप्फुसे तयार व्हायला त्यांची मदत होते. बारा बारा तासांनी चार डोस. केंद्र सरकारच्या २०१४ च्या सूचनांनुसार पहिला डोस एएनएम ताईही देऊन पुढे पाठवू शकते. त्याबरोबर जंतुसंसर्ग टाळायला प्रतिजैविके. गुरुवारी सकाळी ती गेली असती, तर शनिवारपर्यंत चारही डोस झाले असते. ताप घेऊन आलेल्या बाईसाठी डॉक्टरांना थांबता येत नाही. त्याच रात्री बाळंतपण झाले, आणि बाळ तेवीस दिवस काचेच्या पेटीत राहिले.

हयेबद्दल आम्हाला आदरच आहे. पण घरातल्या बाईशीही बोलता येऊ नये, ही हया नव्हे, हा आपण मुलींना लावलेला धाक आहे. आमच्या पालकसभेत एका आईने विचारले, मग नमाजचे काय? नमाज बसून, पडून, इशाऱ्यानेही अदा होते. बाकीचा मसला आलिमांना फोनवर विचारता येतो, रिक्षात बसल्यावरसुद्धा.

कुठे जायचे हे सातव्या महिन्यातच ठरवावे. कल्याणला रुक्मिणीबाई, डोंबिवलीला शास्त्रीनगर, ठाण्याला कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, उल्हासनगरला मध्यवर्ती रुग्णालय. जिथे नाव घालाल तिथे एकच प्रश्न विचारा: बाळ लवकर आले तर इथे ठेवता येईल का, की पुढे पाठवाल? शिळफाट्याच्या कोंडीत अडकल्यावर हे विचारून उपयोग नाही. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त आणि नेण्या-आणण्याची सोय मोफत आहे. २०११ पासूनची ती योजना आहे. निघताना फाइल घ्या आणि पाणी किती वाजता गेले ते तिच्यावर लिहा.

त्या मुलीच्या धाकट्या जावेला आता सातवा महिना आहे. सासूबाईंनी स्वतः स्वयंपाकघराच्या दारामागे १०८ आणि गल्लीतल्या रिक्षावाल्याचा नंबर खडूने लिहून ठेवलाय.