दहा लक्ष तासांचे आयुष्य (लेखांक सहावा)

हार्ड डिस्कची अंतर्गत रचना मागील लेखांकात आपण पाहिली. आता विचार करावयाचा तो असा की, घरगुती संगणकासाठी म्हणून दुकानात मिळणारी साधी डिस्क दिवसरात्र, बारा महिने चालू ठेवली, तर ती किती काळ इमानेइतबारे चाकरी करील? ही चौकशी मोठ्या डेटा सेंटरांपुरती मर्यादित नाही. सोसायटीच्या वॉचमनच्या खोलीत धूळ खात पडलेल्या डीव्हीआरच्या पोटातही, काटकसरीच्या नादाने, पुष्कळदा अशीच डिस्क बसवलेली असते.

उत्पादकांच्या विवरणपत्रात 'सरासरी दहा लक्ष तास' असा आकडा असतो, आणि त्याची वर्षे करू गेल्यास ती सुमारे ११४ भरतात. हा आकडा खोटा नव्हे, परंतु त्याचा अर्थ भलताच आहे. तिशीतल्या हजार इसमांपैकी वर्षाला एक दगावतो, एवढ्यावरून माणसाचे सरासरी आयुर्मान हजार वर्षे ठरवणाऱ्या विमा कंपनीचे दिवाळे निघेल. डिस्कच्या बाबतीत मात्र हाच हिशेब राजरोस छापला जातो. त्यातून खरोखर निष्पन्न होते ते इतकेच की, वर्षाच्या ८७६० तासांत शंभरांतील एकीहूनही कमी डिस्क निकामी व्हाव्यात. त्यातही साध्या डिस्कच्या काही विवरणपत्रांत, हे गणित वर्षाकाठी २४०० तासांच्याच वापराचे आहे, अशी पुस्ती बारीक अक्षरांत जोडलेली आढळते.

२००७ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातील बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी सुमारे एक लक्ष डिस्कचे दप्तर तपासले, तेव्हा विवरणपत्रांनुसार फार तर ०.८८ टक्के भरावयास हवे असलेले वार्षिक प्रमाण प्रत्यक्षात बहुधा २ ते ४ टक्के आणि क्वचित १३ टक्क्यांपर्यंत गेलेले त्यांना दिसले.

साध्या डिस्कची खरी कसोटी मात्र कॅलिफोर्नियातील बॅकब्लेझ या कंपनीने घेतली, आणि तीही निम्मी नाइलाजाने. २०११ च्या महापुरात थायलंडमधील कारखाने पाण्याखाली जाऊन डिस्कचे भाव कडाडले, तेव्हा या कंपनीने किरकोळ दुकानांतून घरगुती वापराच्या बाह्य डिस्क जमतील तेवढ्या खरेदी केल्या, त्यांची प्लॅस्टिकची वेष्टणे फोडून आतला ऐवज बाहेर काढला आणि एकेका पेटीत ४५ अशा दाटीवाटीने बसवून त्या अखंड चालू ठेवल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तिच्या नोंदींप्रमाणे पहिल्या दीड वर्षात वार्षिक ५.१ टक्के डिस्क गेल्या, पुढच्या दीड वर्षात अवघ्या १.४ टक्के, आणि तीन वर्षे उलटल्यावर ११.८ टक्के, तरीही चौथ्या वर्षाअखेर सुमारे ८० टक्के डिस्क चालू होत्या. कचेरीत दिवसाचे आठ तास वापरण्यासाठी घडवलेल्या वस्तूला हे काही लांच्छनास्पद नव्हे! किंबहुना महागड्या, व्यावसायिक म्हणवणाऱ्या डिस्कचे प्रमाण त्याच कंपनीत ४.६ टक्के आणि साध्यांचे ४.२ टक्के भरले. महागड्या डिस्कची संख्या तेथे फारच थोडी असल्यामुळे या तुलनेवर मी फारसा भार देणार नाही. परंतु मॉडेलागणिक पडणारा फरक निःसंशय मोठा होता, कारण सीगेटचे तीन टेराबाइटचे एक मॉडेल भराभर उडू लागले, तर हिताचीच्या साध्या डिस्क त्याच खोलीत शांतपणे फिरत राहिल्या.

अखंड फिरण्यापेक्षा थांबण्या-चालण्याचाच जाच कित्येकदा अधिक असतो. वीज वाचवण्याच्या हेतूने काढलेली काही मॉडेले आठ सेकंद काम नसले की हेड बाजूला नेऊन ठेवीत, आणि अशा हालचालींची मर्यादा तीन लक्ष लिहिलेली असे. दर अर्ध्या मिनिटाला एक हालचाल धरली, तर ती मर्यादा साडेतीन महिन्यांतच संपते.

राहता राहिली पूर्वसूचना. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी 'स्मार्ट' नोंदवही ठेवते, तिच्यात स्कॅनची पहिली चूक उमटल्यावर पुढील साठ दिवसांत ती उडण्याचा संभव ३९ पटींनी वाढतो, असे गूगलच्या संशोधकांना २००७ मध्ये आढळले. तथापि त्यांच्याच पाहणीत उडालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कच्या नोंदवहीत चार प्रमुख लक्षणांपैकी एकही उमटलेले नव्हते. त्यामुळे केवळ या नोंदींवरून एखाद्या विवक्षित डिस्कचे भाकीत करता येणे कठीण, असा निर्वाळा त्यांना द्यावा लागला. तेव्हा दुसरी प्रत ठेवणे ओघानेच आले. ती कोठे आणि किती दिवसांनी घ्यावी, याची चर्चा पुढील लेखांकी करू.