क्रिकेटपटूचा पगार कोण देतो?

बहिणाबाई चौधरींचं माहेर असलेलं असोदा जळगावला अगदी लागून आहे. इथल्या पोराने क्रिकेटवरच जगायचं ठरवलं, तर त्याची वाट मुंबईला नाही, पुण्याला जाते. कारण जळगावसह खानदेश पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या हद्दीत येतो. आधी जिल्हा संघ, मग असोसिएशनच्या निमंत्रितांच्या स्पर्धा आणि तिथे धावा किंवा बळी साठले, तर रणजी संघाची निवड चाचणी.

ही वाट किती अरुंद आहे, हे आकड्यांतूनच कळतं. आयपीएलचे १० संघ, प्रत्येकात जास्तीत जास्त २५ खेळाडू. म्हणजे साऱ्या मिळून २५० जागा आणि त्यांतही परदेशी खेळाडूंचा वाटा. रणजी करंडकात मात्र ३८ संघ खेळतात. म्हणजे वर्तमानपत्रांत गाजणारे कोटींचे लिलाव बहुतेक रणजीपटूंच्या वाट्याला येतच नाहीत.

रणजीत पैसा नाही, असं मात्र नव्हे. २०२१-२२च्या हंगामापासून बीसीसीआयने मानधन अनुभवावर ठरवलं. २० सामन्यांपर्यंतचा अनुभव असलेल्या खेळाडूला अंतिम अकरात दिवसाला ४० हजार रुपये, २१ ते ४० सामने झालेल्याला ५० हजार, त्यापुढे ६० हजार. राखीव खेळाडूला याच्या निम्मे. नवखा खेळाडू चार दिवसांच्या एका सामन्यात १ लाख ६० हजार कमावतो. पण हंगाम काही महिन्यांचाच. गुडघा दुखावला किंवा संघातून नाव वगळलं गेलं, की सामन्याचं मानधनही थांबतं.

म्हणूनच क्रिकेटपटूच्या आयुष्यात नोकरीला फार मोठं स्थान होतं. मुंबईची टाइम्स शिल्ड ही कार्यालयांच्या संघांची स्पर्धा. सुनील गावसकर आणि संदीप पाटील निरलॉन कंपनीच्या संघातले, दिलीप वेंगसरकर टाटांच्या. १९७१मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकून आणणारे कर्णधार अजित वाडेकर स्टेट बँकेत नोकरीला होते आणि खेळ सुटल्यावरही बँकेत अधिकारी म्हणून वर चढत गेले. पगार चालू, सरावाला सवलत आणि निवृत्तीनंतर हातात काम, अशी ती घडी होती.

महिला क्रिकेट तर रेल्वेच्या आधारावरच तगलं. महिला खेळाडूंना रेल्वेत नोकऱ्या मिळाव्यात म्हणून क्रिकेटपटू डायना एडुलजी यांनी पाठपुरावा केला. पुढे मिताली राजही रेल्वेतच नोकरीला होती. सांगलीच्या स्मृती मानधनाला २०२३च्या महिला प्रीमियर लीगच्या लिलावात ३ कोटी ४० लाख मिळाले, त्याआधीची कित्येक वर्षं महिला खेळाडूंना अशा नोकऱ्यांनी सांभाळलं.

खेळ सुटल्यानंतरच्या दुसऱ्या डावाचं सर्वांत ठळक उदाहरण अमोल मुझुमदार यांचं. पदार्पणाच्या रणजी सामन्यात २६० धावा, प्रथम श्रेणीत एकूण ११,१६७ धावा, तरीही भारताकडून एकही सामना नाही. २०१४मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी प्रशिक्षणाची वाट धरली. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा मुख्य प्रशिक्षक तेच होते. प्रशिक्षक, पंच, खेळपट्टी राखणारा क्युरेटर, व्हिडिओ विश्लेषक या साऱ्या वाटा खुल्या आहेत. पण प्रत्येकीसाठी वेगळं शिक्षण लागतं आणि ते खेळत असतानाच सुरू करावं लागतं.

या बाबतीत खानदेश अगदीच रिकाम्या हाताचा नाही. जळगावच्या जैन इरिगेशनने क्रिकेटपटूंना आणि कॅरमपटूंना आधार दिला, आपला संघ थेट टाइम्स शिल्डमध्ये उतरवला. भुसावळला मध्य रेल्वेचं विभागीय कार्यालय आहे आणि रेल्वेत क्रीडा कोट्यातून भरती होते. मात्र एक कंपनी आणि एक रेल्वे दोन-तीन जिल्ह्यांना पुरणार नाही. जळगाव-धुळ्याच्या सहकारी बँका, कारखाने आणि शिक्षणसंस्था यांनी दरवर्षी दोन-चार जागा खेळाडूंसाठी ठेवल्या, तर घरच्या चिंतेने पंचविशीआधीच बॅट खाली ठेवणाऱ्या पोरांना आणखी काही हंगाम खेळता येईल.