शॉकअपमधले तेल काय काम करते?

उभ्या मोटारसायकलचा पुढचा ब्रेक दाबून धरा, हँडलवर जोर देऊन पुढचा भाग खाली दाबा आणि सोडून द्या. गाडी वर येऊन एकदाच किंचित झुलली व स्थिरावली, तर शॉकअप बरे आहेत. ती दोनतीनदा वरखाली झाली, तर आतले तेल कमी झाले आहे किंवा पातळ पडले आहे असे समजावे.

गावोगावी अजूनही १९८५ ते १९९६ या काळात भारतात तयार झालेल्या यामाहा आरएक्स १०० किंवा त्याच पिढीतल्या इतर गाड्या धावतात. त्यांच्या पुढच्या चिमट्याचे दोन पाय म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्या. बीएमडब्ल्यूने १९३५ साली आर १२ या गाडीला तेलाचे अवमंदन असलेला असा चिमटा बसवला, आणि मूळ कल्पना तेव्हापासून फारशी बदललेली नाही. क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी नळी आत, अॅल्युमिनियमची नळी बाहेर. आत एक लांब स्प्रिंग, थोडे तेल आणि तेलाच्या वर कोंडलेली हवा. स्प्रिंग, तेल आणि हवा यांची कामे वेगवेगळी आहेत. ती एकच समजली की दुरुस्ती चुकते.

आधी स्प्रिंग घेऊ. समजा ती १ सेंटीमीटर दाबायला ५० न्यूटन बल लागते आणि प्रत्येक पायावर २०० न्यूटन भार येतो. हूकच्या नियमाने स्प्रिंग ४ सेंमी दबेल. आता स्प्रिंगच्या वर २ सेंमी लांबीचा नळीचा तुकडा ठेवून झाकण बसवले, तर स्प्रिंग आधीच २ सेंमी दबलेली राहील आणि गाडी भाराने फक्त २ सेंमी खाली बसेल. गाडी उंच झाली म्हणून ‘स्प्रिंग कडक केली’ असे आपण म्हणतो. पण पुढचा प्रत्येक सेंटीमीटर दाबायला अजूनही ५० न्यूटनच लागतात. स्प्रिंगचा ताठपणा तारेची जाडी, वेटोळ्यांचा व्यास, त्यांची संख्या आणि पोलादाचा गुणधर्म यांवर ठरतो. तुकड्याने यातले काहीच बदलत नाही. जुनी स्प्रिंग बहुधा मऊ पडलेली नसते, आखूड झालेली असते. ती १ सेंमी आखूड झाली असेल तर १ सेंमीचा तुकडा तिची भरपाई करतो. मात्र गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या किमान लांबीपेक्षा ती आखूड असेल तर बदलावी.

चालक बसल्यावर चिमटा आपल्या एकूण चालीच्या सुमारे पाव ते एक तृतीयांश दबावा, असा ठोकताळा आहे. चाल १२ सेंमी असेल तर ३ ते ४ सेंमी. हे मोजताना एक गंमत दिसते. गाडी खाली दाबून हलकेच सोडली तर एक माप मिळते, वर उचलून सोडली तर दुसरे. कारण सीलचे व नळ्यांचे घर्षण. दोन्हींची सरासरी घ्यावी. दोन मापांत फार अंतर असेल तर नळी वाकली आहे का किंवा चाकाचा आस आवळताना पाय तिरपे धरले गेले आहेत का, ते पाहावे.

आता हवा. ती बंद असल्याने चिमटा दबला की बॉइलच्या नियमाने तिचा दाब वाढतो. आतल्या नळीचा बाहेरचा व्यास ३० मिमी, म्हणजे छेद सुमारे ७ चौरस सेंमी धरू. एका पायात १२० मिली हवा असेल आणि चिमटा १० सेंमी दबला, तर ७० मिली जागा जाऊन ५० मिली उरेल. दाब २.४ पट होईल आणि हवा सुमारे १०० न्यूटनने विरोध करेल. याच पायात तेल २० मिली जास्त ओतले तर १०० मिली हवेची ३० मिली होईल आणि विरोध १६० न्यूटनच्या पुढे जाईल. पण पहिल्या सेंटीमीटरला हाच विरोध ४ ऐवजी ५ न्यूटन, इतकाच बदलतो. म्हणजे चार चमचे तेलाने चालीची सुरुवात तशीच राहते, शेवट मात्र कडक होतो. ब्रेक मारल्यावर चिमटा तळाला आदळत असेल तर हा उपाय उपयोगी आहे. अति केले तर वाढलेला दाब सील फोडून तेल बाहेर काढतो.

तेलाचे खरे काम अवमंदनाचे. भार पेलणे हे त्याचे काम नाही. चिमटा हलला की तेल बारीक भोकांतून ढकलले जाते आणि गतिज ऊर्जेची उष्णता होते. वर्गात हे दाखवायला एक स्प्रिंग व वजन पुरे. वजन हवेत, मग पाण्यात बुडवून, मग एरंडेलात बुडवून झुलवा आणि किती हेलकाव्यांनी थांबते ते मोजा. ते प्रत्येक वेळी थांबते त्याच ठिकाणी, हे थोडे थांबून विचारण्यासारखे आहे (उत्प्लावनामुळे बुडालेले वजन किंचित वर थांबेल, तो वेगळा प्रश्न).

गाडी ब्रेकला पुढे फार झुकते म्हणून कोणी इंजिनाचे दाट तेल शॉकअपमध्ये ओततो. झुकणे सावकाश होते, इतकेच. मुरमाच्या रस्त्यावरील लागोपाठच्या खाचांवर मात्र चिमटा एका धक्क्यातून वर येण्याआधी दुसरा बसतो. तो दबतच जातो आणि चाक खाचेत उतरतच नाही. शिवाय भोकातल्या तेलाचा विरोध वेगाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे वेग दुप्पट तर विरोध चौपट. अशा वेळी खड्डा सरळ मनगटांना कळतो. जमिनीवर न टेकलेल्या चाकाला ब्रेक लागत नाही, वळताही येत नाही. जोरात ब्रेक मारल्यावर १७० किलोच्या गाडी व चालकाचा सुमारे ४० किलो भार मागच्या चाकावरून पुढे येतो, हे लक्षात घेतले की पुढच्या चाकाची पकड किती मोलाची ते कळते. पुस्तिकेत सांगितलेल्या दाटपणाचे तेलच घालावे.

तेल बदलणे घरी जमते, पण एक पथ्य पाळावे. इंजिनाखाली भक्कम ठोकळा ठेवून पुढचे चाक उचलून घ्यावे आणि एका वेळी एकाच पायाचे झाकण उघडावे. झाकणाखाली स्प्रिंग दबलेली असते. शेवटचे आटे सोडताना वरून तळहाताने दाबून धरावे आणि चेहरा बाजूला ठेवावा. बहुतेक जुन्या गाड्यांना तळाशी तेल सोडण्याचा स्क्रू असतो. नवे तेल प्रयोगशाळेतल्या मोजपात्रानेच मोजावे, दोन्ही पायांत अगदी सारखे. मग चिमटा आठदहा वेळा सावकाश दाबून अडकलेली हवा काढावी.

नळीवर तेलाचा ओघळ दिसला की सील गेले, असे लगेच ठरवू नये. पुष्कळदा सीलच्या ओठाखाली नुसती माती असते. जुन्या फोटोफिल्मची किंवा एक्स-रे फिल्मची पट्टी गोल फिरवून ती काढता येते. क्रोमवर गंजाचे खड्डे असतील तर मात्र नवे सीलही महिन्या-दोन महिन्यांत कापले जाते, तेव्हा आधी नळीचे बघावे. गळती ब्रेकपर्यंत पोचली असेल तर गाडी चालवू नये.

काढलेले तेल काचेच्या भांड्यात रात्रभर ठेवून पाहा. तळाशी बसलेला करडा गाळ बराचसा अॅल्युमिनियमचा असतो. बाहेरून चुंबक फिरवला की त्यात पोलाद किती, हेही मुलांना शोधता येते.